आधी किंमत, मग हप्ता

सोन्या,

नोकरी पक्की झाली, क्रेडिट स्कोअर जमला, आणि आता दोन दारांची, वाकून आत शिरावं लागणारी गाडी हवी आहे असं तू कळवलंस. घे की! या वयात नाही घ्यायची तर केव्हा? तुझ्या आईला मी समजावते. पण विकत न घेता तीन वर्षांच्या लीजवर घेणार म्हणतोस, तर न्यू जर्सीत इतकी वर्षं राहून, डीलरच्या टेबलासमोर बसून जे कळत गेलं ते लिहून देते. हे वाच आणि मगच शोरूमची पायरी चढ. तिथली माणसं वाईट नसतात रे. ती हा व्यवहार रोज करतात आणि तू तीन वर्षांतून एकदा करणार, एवढाच फरक आहे. तो फरक कागद-पेन्सिलीने भरून काढता येतो.

१. लीजमध्ये तू पूर्ण गाडीचे पैसे देत नाहीस. तीन वर्षांत तिची किंमत जेवढी उतरेल तो घसारा देतोस आणि वर व्याज — म्हणून जिचा घसारा कमी ती गाडी लीजवर स्वस्त पडते, मग तिच्या काचेवरची किंमत जास्त का असेना.

२. स्टिकरवरची किंमत, घासाघीस करून ठरलेली किंमत, रेसिड्युअल आणि मनी फॅक्टर हे चार आकडे वहीत उतरल्याशिवाय हप्त्याचा विषय काढू नकोस — हप्ता या चौघांतूनच निघतो. रेसिड्युअल म्हणजे तीन वर्षांनंतर गाडी केवढ्याची राहील याचा फायनान्स कंपनीने आजच धरलेला आकडा, आणि मनी फॅक्टर म्हणजे व्याज.

३. "महिन्याला किती बसवायचं तुमच्या डोक्यात आहे?" असं सेल्समन अगदी गोड विचारेल, तूही तितक्याच गोडीने म्हण, "आधी गाडीची किंमत ठरवू" — तू आकडा बोललास की महिने वाढवून, मैल कापून किंवा हातात रोकड मागून तो हप्ता जमवून देता येतो आणि किंमत जागची हलत नाही. हप्ता विचारला की किंमत लपते, बाळा.

४. लीज असली तरी किंमतीवर घासाघीस होते — पुष्कळ मुलांना वाटतं की लीजचा दर वरून ठरून येतो. करारात कॅप कॉस्ट म्हणून जो आकडा असतो तो तू ठरवलेल्या किंमतीशी जुळतो की नाही, हे बोट ठेवून बघ.

५. रेसिड्युअलवर वाद घालण्यात वेळ घालवू नकोस — तो फायनान्स कंपनी ठरवते, स्टिकरच्या टक्क्यांत, आणि डीलरलाही तो बदलता येत नाही. तुला खरा आकडा सांगितला आहे ना, एवढंच पडताळ.

६. मनी फॅक्टरला २,४०० ने गुण — म्हणजे तुला कळणारं वार्षिक व्याज निघतं. ०.००२५० म्हणजे ६ टक्के; दशांश चिन्हामागे शून्यं पाहून "किती कमी आहे!" असं म्हणू नकोस.

७. "हा फायनान्स कंपनीचा मूळ दर आहे की तुमचा?" असं सरळ विचार, तिथल्या भाषेत मूळ दराला बाय रेट म्हणतात — डीलरला त्यावर थोडं चढवायची मुभा असते, त्यात बेकायदा काही नाही, पण जो विचारतो त्याला बहुधा उतरवून मिळतं.

८. शोरूममध्ये जाण्याआधी एडमंड्सच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलचा त्या महिन्याचा रेसिड्युअल आणि मूळ मनी फॅक्टर विचारून घे, आणि लीजहॅकरच्या गणकयंत्रात घालून बघ — हे आकडे दर महिन्याला बदलतात. मित्राने मार्चमध्ये सांगितलेला आकडा जूनमध्ये उपयोगाचा नाही.

आता चहा ठेव आणि एक हिशेब माझ्याबरोबर कर. हा एकदा हाताने केलास की कुणी तुला घाईत काही खपवू शकणार नाही.

धर, गाडीची स्टिकर किंमत ७०,००० डॉलर. तू बोलून ६६,००० वर आणलीस. फायनान्स कंपनीची लीज उघडण्याची फी, जिला अ‍ॅक्विझिशन फी म्हणतात, ती सोयीसाठी १,००० धरू. झाले ६७,०००. रेसिड्युअल ३६ महिन्यांनंतर ५८ टक्के, तो स्टिकरवर मोजायचा, म्हणजे ४०,६००. घसारा झाला २६,४००. भागिले ३६, महिन्याला ७३३. आता व्याज: ६७,००० आणि ४०,६०० यांची बेरीज १,०७,६००, तिला ०.००२५ ने गुणलं की महिन्याला २६९. दोन्ही मिळून १,००२ डॉलर, कर वेगळा.

वजाबाकी सोडून इथे बेरीज कशाला, म्हणून अडशील. तर बघ: तीन वर्षांत कंपनीचे तुझ्याकडे अडकलेले पैसे ६७,००० पासून ४०,६०० पर्यंत उतरत येतात. त्यांची सरासरी म्हणजे त्या बेरजेची निम्मी रक्कम. ते निम्मं करणं, बारा महिन्यांचा भागाकार आणि टक्क्यांचे शंभर, हे सगळं मनी फॅक्टरमध्ये आधीच मुरवलेलं असतं. दोन गुणिले बारा गुणिले शंभर. २,४०० आला कुठून ते कळलं?

९. याच हिशेबात मनी फॅक्टर ०.००२५ ऐवजी ०.००२९ लावून बघ — महिन्याला ४३ डॉलर आणि तीन वर्षांत साधारण १,५५० डॉलर जातात, तेही दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या अंकातल्या फरकापायी.

१०. आणि किंमत न बोलता स्टिकरवरच मान हलवलीस तर काय होतं तेही बघ — महिन्याला १२१ जास्त, तीन वर्षांत ४,३६०. तासभर नम्रपणे बोलून एवढे पैसे वाचवून देणारं दुसरं काम मला तरी माहीत नाही.

११. मागणी असलेल्या गाडीवर डीलर "मार्केट अ‍ॅडजस्टमेंट" म्हणून स्टिकरच्याही वर काही हजार मागतो. लीजवर असं कधीच देऊ नकोस — रेसिड्युअल स्टिकरवर मोजतात, त्यामुळे वरचा एकेक डॉलर तीन वर्षांत पूर्णपणे तुझ्याच खिशातून जातो आणि गाडी परत करताना त्याची किंमत शून्य. ५,००० चा वरकड म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर. विकत घेणाऱ्याला पुढे विकताना थोडंफार मिळेल, तुला काहीच नाही.

१२. कारखान्यातून आलेले पर्याय आणि डीलरने नंतर चिकटवलेले पर्याय यांत फरक कर — कारखान्याचे बहुतेक पर्याय स्टिकरमध्ये धरले जातात, म्हणून त्यांचाही रेसिड्युअल मिळतो. डीलरने बसवलेल्या काचेच्या फिल्मचे आणि स्पॉयलरचे पैसे तुझे तुलाच भरायचे.

१३. ठोकताळा म्हणून महिन्याचा हप्ता स्टिकरच्या एक टक्क्याच्या जवळ असला तर सौदा उत्तम समजायचा, पण स्पोर्ट्स कारला तो क्वचितच लागू पडतो — वरच्या हिशेबात भाव चांगला ठरूनही तो १.४ टक्के आला. ठोकताळ्यावर अडून चांगली गाडी सोडू नकोस आणि ठोकताळा जमला म्हणून हिशेबही सोडू नकोस.

१४. पोर्शे ९११ सारखी किंमत टिकवणारी गाडी मनात असेल तर लीजशेजारी कर्जाचाही हिशेब मांड — घसारा मुळात कमी असेल तर राहतं ते नुसतं व्याज, आणि मग गाडी स्वतःच्या नावावर घेणं माझ्या मते जास्त शहाणपणाचं. टायकानसारख्या विजेवरच्या गाडीचं उलट: तिच्या जुन्या बाजारातल्या किंमती झपाट्याने पडल्या आहेत, आणि लीजमध्ये ती पडझड फायनान्स कंपनीच्या अंगावर राहते.

१५. विजेच्या गाडीवर लीजमधून ७,५०० डॉलरची सरकारी सवलत मिळते असं कुणी अजून सांगत असेल तर तो जुना हिशेब आहे — ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली.

१६. छत उघडणारी मियाटा किंवा मस्टँग हवी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत बघायला जा, आणि महिनाअखेर गाठ — बर्फ पडत असताना उघड्या गाडीला गिऱ्हाईक नसतं आणि महिन्याचा आकडा पुरा करायची घाई डीलरला असते. थंडीत टोपी घालून जा, म्हणजे गरज तुला नाही असंही वाटेल आणि कानही शाबूत राहतील.

१७. डीलरची फिरवलेली गाडी, म्हणजे डेमो किंवा सर्व्हिसच्या गिऱ्हाइकांना दिलेली गाडी स्वस्तात मिळत असेल तर मीटर बघून घे — आधी झालेल्या मैलांपायी रेसिड्युअल कापला जातो, आणि स्पोर्ट्स कारचे पहिले मैल कुणी कसे चालवले हे तुला कधीच कळणार नाही. माझं मत विचारशील तर साधी कुटुंबाची गाडी असेल तर डेमो घे, जोरदार इंजिनाची नको.

१८. किमान तीन डीलरांकडून ईमेलवर भाव मागव, तोच रंग, तेच पर्याय, तेच महिने, तेच मैल सांगून — वेगवेगळ्या गाड्यांचे भाव एकमेकांशी ताडता येत नाहीत. फिलाडेल्फियाकडचा डीलर एडिसनमध्ये राहणाऱ्या मुलाला आनंदाने गाडी देतो, लाजू नकोस.

१९. क्रेडिट तपासायची परवानगी किंमत ठरल्यावरच दे — प्रत्येक दारात फॉर्म भरत सुटलास तर तुझ्या स्कोअरवर विनाकारण ओरखडे पडू शकतात.

पैसे कुठे आणि किती आधी द्यायचे, याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरात मोठी रक्कम आधी भरली की ओझं हलकं झालं असं सगळ्यांना वाटतं. तुझे बाबा तर पहिल्याच दिवशी निम्मे पैसे भरायला सांगतील. घराच्या कर्जाला ते खरंही आहे. लीजला मात्र ते लागू नाही.

२०. डाउन पेमेंट म्हणून मोठी रक्कम देऊ नकोस — दुसऱ्याच महिन्यात गाडी चोरीला गेली किंवा अपघातात निकालात निघाली, तर विमा आणि गॅप (तो काय ते पुढच्याच मुद्द्यात सांगते) मिळून कंपनीचं देणं फेडतील, पण तुझे आधी भरलेले पाच हजार बहुधा परत येत नाहीत.

२१. गॅपची तरतूद करारात आहे का ते वाचून बघ — विम्याची रक्कम आणि लीजचं बाकी देणं यांतली दरी गॅप भरून काढतो. पुष्कळ लीजमध्ये तो मुळातच असतो. असेल तर तोच पुन्हा विकत घ्यायचं कारण नाही.

२२. हातात रोकड असेलच तर "जादा सिक्युरिटी डिपॉझिट घेऊन मनी फॅक्टर कमी करता का?" असं विचार — काही कंपन्या करतात. ते पैसे तुझेच राहतात आणि गाडी परत केल्यावर मिळतात.

२३. "सहीच्या दिवशी किती द्यायचे" याची फोड मागून घे: पहिला हप्ता, नोंदणी, कर, अ‍ॅक्विझिशन फी, कागदपत्रांची फी, आणि उरलेलं काय — जाहिरातीतला लहान हप्ता बहुतेक वेळा या एका ओळीत लपवलेल्या मोठ्या रकमेवर उभा असतो.

२४. कागदपत्रांची फी राज्याराज्यात वेगळी असते — कॅलिफोर्नियात तिला ८५ डॉलरची मर्यादा आहे, फ्लोरिडात मर्यादाच नाही. ती कमी होत नसेल तर गाडीच्या किंमतीत तेवढं कमी करून माग.

२५. कराचीही तीच गोष्ट — न्यू जर्सीत लीजच्या एकूण हप्त्यांवरचा ६.६२५ टक्के कर सुरुवातीलाच लागतो, कॅलिफोर्नियात तो दर हप्त्याबरोबर जातो, आणि टेक्सासमध्ये गाडीच्या पूर्ण किंमतीवर. ह्यूस्टनच्या चुलतभावाचा हप्ता आणि तुझा हप्ता म्हणूनच शेजारी ठेवून बघू नये.

२६. जुन्या गाडीचं कर्ज तिच्या किंमतीपेक्षा जास्त असेल तर ते नव्या लीजमध्ये मिसळू देऊ नकोस — जी गाडी दारात नाही तिचे हप्ते नव्या गाडीच्या नावाने, वर व्याज लावून भरशील.

२७. किंमत ठरल्यावर तुला आतल्या खोलीत फायनान्सच्या माणसाकडे पाठवतील. तिथे "नको, धन्यवाद" हे तीन-चार वेळा न चिडता म्हणायची तयारी ठेव — रंगाचं कवच, काचेवर गाडीचा नंबर कोरणं, टायरमध्ये नायट्रोजन, वाढीव वॉरंटी, यातलं बहुतेक तीन वर्षांत परत जाणाऱ्या गाडीला निरुपयोगी आहे.

२८. लीजचे महिने कारखान्याच्या वॉरंटीच्या आत बसव — फोर्ड, शेवरोले आणि माझदाची मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैल, पोर्शे आणि बीएमडब्ल्यूची ४ वर्षं किंवा ५०,०००. ३९ महिन्यांची मस्टँग म्हणजे शेवटचे तीन महिने बिल तुझ्या नावावर.

२९. चाक-टायरचा विमा हा मात्र मी विचार करून घ्यायला सांगेन — अशा गाडीचे टायर चपटे आणि रिम मोठ्या, आणि मार्चमध्ये आपल्या रस्त्यांची काय दशा होते ते तू पाहिलं आहेस. खड्डा चाकाला लागतो, बिल खिशाला. किंमत सांगतील त्याहून कमी होते, विचारून बघ.

३०. १९७६ च्या कंझ्युमर लीजिंग कायद्याने, करारातली एकूण देणी ठराविक मर्यादेत असली की, ठरलेली किंमत, रेसिड्युअल, घसारा आणि एकूण व्याज हे कागदावर वेगवेगळं लिहून द्यावंच लागतं. मनी फॅक्टर लिहायची सक्ती नाही — पण एकूण व्याजाला महिन्यांनी भागून, त्याला फी धरून झालेली किंमत आणि रेसिड्युअल यांच्या बेरजेने भागलंस की मनी फॅक्टर आपोआप हातात येतो.

३१. तोंडी आश्वासन मिळालं की हसतमुखाने म्हण, "तेवढं यात लिहून द्या ना" — दुसरी चावी, राहिलेला ओरखडा, मोफत सर्व्हिस, काहीही असो. कागदावर नाही ते कुणी बोललंच नाही असं समजायचं.

३२. सही करून तीन दिवसांत परत करता येते, या ऐकीव गोष्टीवर विसंबू नकोस — शोरूममध्ये केलेल्या नव्या गाडीच्या व्यवहाराला ती सवलत लागू नाही. करार घरी आणून रात्री वाच. सहीआधीचा दिवस फुकट असतो.

३३. तू एच-१बी वर आहेस, तेव्हा लीज दुसऱ्याच्या नावावर करता येते का आणि तसं केल्यावर तुझी जबाबदारी पूर्ण संपते का, हे पहिल्याच दिवशी लेखी विचार — नोकरी गेली तर तुला जेमतेम ६० दिवस मिळतात, आणि लीज मधेच मोडली तर उरलेल्या हप्त्यांतला बराच भाग एकदम मागितला जातो. सगळं उत्तम होईल, माझा विश्वास आहे. तरी व्हिसाची मुदत आणि लीजची मुदत शेजारी ठेवून बघ, आणि गरज वाटली तर २४ महिन्यांची घे.

३४. मैल प्रामाणिकपणे मोज — ऑफिसला ट्रेनने जातोस म्हणून वर्षाला ७,५०० पुरतील असं तुला वाटतंय, पण बहिणीकडे बोस्टनला जाऊन-येऊन पाचशेच्या घरात होतात. त्यात मंडळाचा गणपती, पोकोनोजच्या सहली आणि नवी गाडी दाखवायला घातलेल्या चकरा! गेल्या वर्षाचं मीटर बघ आणि त्यात हजारभर मिळव.

३५. जास्तीचे मैल लागणारच असतील तर सुरुवातीलाच करारात घाल — शेवटी मैलामागे २५ सेंट लागले तर ३,००० मैलांचे ७५० डॉलर होतात. आधी घेतलेले बहुधा स्वस्त पडतात. न वापरलेल्या मैलांचे पैसे मात्र सहसा परत मिळत नाहीत, म्हणून उगाच ढीगभरही घेऊ नकोस.

३६. विमा एजंटाला त्या नेमक्या मॉडेलचा भाव सहीच्या आधी विचार — लीज कंपनीला राज्याच्या किमान विम्याने समाधान होत नाही, ती बहुधा एका माणसामागे १ लाख, अपघातामागे ३ लाख आणि मालमत्तेसाठी ५०,००० डॉलरचं संरक्षण मागते, आणि पंचविशीतल्या मुलाला साडेचारशे घोड्यांच्या गाडीवर ते किती पडतं हे ऐकून तुझा रंगही बदलेल आणि कदाचित मॉडेलही. गाडी दारात येण्याआधी विमा घरात यावा.

३७. गाडीवर टायर कोणते आहेत ते विचार — अशा पुष्कळ गाड्यांवर उन्हाळी टायर असतात, आणि पारा ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की त्यांचं रबर कडक होऊन पकड सुटते. बर्फात तर ते चालवूच नयेत. हिवाळी टायरचा दुसरा संच आणि तो ठेवायची जागा, दोन्ही खर्चात धर.

३८. मागच्या टायरवर डोळा ठेव — पुढचे आणि मागचे वेगळ्या रुंदीचे असले की अदलाबदल करता येत नाही, आणि जोर मागच्या चाकांवर असल्याने ते लवकर झिजतात. पंचवीस सेंटचं नाणं घे, वॉशिंग्टनचं डोकं खाली करून खाचेत घाल; खाचेची कड डोक्यापर्यंत पोचत असेल तर साधारण १/८ इंच रबर शिल्लक आहे. बहुतेक लीज कंपन्या परत घेताना तेवढंच मागतात. चारही ठिकाणी, आत-बाहेर दोन्ही कडांना बघ. बाहेरून चांगला दिसणारा टायर आतून तारा दाखवत असतो.

३९. सर्व्हिसच्या पावत्या एका पाकिटात ठेव — बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना तर पहिली सर्व्हिस १,२०० मैलांवरच लागते, आणि ती चुकवलीस तर पुढच्या वॉरंटीच्या वादात बाजू तुझी कमजोर.

४०. सायलेन्सर बदलणं, गाडी खाली बसवणं, संगणकात फेरफार करून ताकद वाढवणं, यापासून हात आवर — गाडी तुझी नाही. शेजारणीचं मागून आणलेलं पातेलं घासूनपुसून जसं होतं तसं परत करतात, तशीच ही द्यायची आहे.

४१. ट्रॅकवर पळवायची हौस असेल तर आधी लीजचा करार आणि विमा, दोन्हींतलं शर्यतीचं कलम वाच — साधा विमा बहुधा तिथे हात वर करतो. आणि कुणाला कळणार, असं म्हणू नकोस: पोर्शेचा इंजिन-संगणक मर्यादेबाहेर गेलेले फेरे नोंदवून ठेवतो आणि ते कार्यशाळेत वाचता येतात.

४२. गाडी घेतल्या दिवशी उजेडात चारही बाजूंचे, रिमचे आणि मीटरचे फोटो काढ — परत करताना जुना ओरखडा तुझ्या नावावर चढत नाही.

४३. तोच बिघाड वारंवार दुरुस्त करूनही जात नसेल तर गप्प बसू नकोस — न्यू जर्सीचा लेमन कायदा लीजच्या गाडीलाही लागू आहे, पहिले २४ महिने किंवा २४,००० मैल, जे आधी होईल तोवर. प्रत्येक खेपेची तारीख लिहिलेली दुरुस्तीची पावती मागून घे.

४४. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी तपासणी करून घे — काय दुरुस्त करायचं ते कळतं आणि रिमचे ओरखडे बाहेरच्या कारागिराकडून कमी पैशांत निघतात.

४५. परत करण्याआधी बाजारात तिची किंमत काय आहे ते बघ — करारात विकत घ्यायचा हक्क असेल आणि बाजारभाव रेसिड्युअलच्या वर असेल, तर घेऊन विकणं फायद्याचं. २०२१-२२ मध्ये जुन्या गाड्यांचे भाव असे चढले की अनेकांना हा हक्क मोठा लाभाचा ठरला. त्याच सुमारास पुष्कळ कंपन्यांनी बाहेरच्या डीलरला थेट विकायची वाट मात्र बंद केली, म्हणून आपला करार बघ.

४६. परतीची फी, जी साडेतीनशे-पाचशेच्या आसपास असते, ती करारात शोध — त्याच कंपनीची दुसरी गाडी घेतलीस तर बहुधा माफ होते.

४७. गाडी देताना मीटरचा आकडा आणि तारीख लिहिलेली, सही असलेली पावती घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस, दोन्ही चाव्या दे, टोलचा ईझी-पास काढून घे — आणि न्यू जर्सीत आधी नंबर प्लेट मोटार वाहन कार्यालयात जमा कर, मगच विमा बंद कर.

गाडी कोणती घ्यायची ते तुझं तू ठरव, त्यात मी बोलणार नाही. लाल नको एवढं तुझ्या आईने सांगायला सांगितलं होतं, ते सांगितलं. उद्या विमा एजंटाला फोन कर. डीलरकडून चारही आकडे लिहिलेला कागद आला की त्याचा फोटो मला पाठव आणि माझा फोन येईपर्यंत सही करू नकोस. रात्री दहापर्यंत मी जागी असते.

तुझी मावशी